आमच्या वाट्याला भूक, त्यांच्या वाट्याला कंटाळा

कादंबरी हे फुरसतवाल्याचं काम, असं आपल्यात पुष्कळजण म्हणतात. लिहिणाराही फुरसतवाला आणि वाचणाराही. मी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. आठवडा सकाळपाळी, आठवडा दुपारपाळी, आठवडा रातपाळी. फुरसत म्हणायची तर गिरणीच्या गाडीत जाता-येता पाऊण तास, आणि सुट्टीच्या दुपारी झोप लागली नाही तर ती दुपार. तेवढ्यात मी कादंबऱ्या वाचतो. शाळा दहावीला सुटली. पुढं जे वाचलं ते कुणी नेमून दिलेलं नाही, हाताला लागेल तसं वाचलं. म्हणून मी समीक्षक नाही. आशयसूत्र, घाट, रूपबंध हे शब्द मला ठाऊक आहेत, पण ते तोंडात घेतले की दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखं वाटतं. खांद्यात सैल, बगलेत घट्ट. तेव्हा आपल्या भाषेत बोलतो.

कुठलीही कादंबरी हातात आली की मी एकच गोष्ट बघतो. आपल्यासारखा माणूस त्या पानावर आला, म्हणजे हातानं काम करणारा, झोपडीतला, गावकुसाबाहेरचा, की लेखक त्याला काय देतो? पोट देतो की मन देतो? पोट तर सगळेच देतात. मन किती जण देतात?

मन म्हणजे काय म्हणायचंय तेही सांगतो. उगीच बसून राहणं. एखादी गोष्ट आवडणं आणि का आवडते ते न कळणं. आज एक वाटणं, उद्या दुसरंच वाटणं. आपल्याच माणसांचा वैताग येणं. कंटाळा येणं. हे ज्याला मिळालं तो कादंबरीतला माणूस झाला. ज्याला नाही मिळालं तो कादंबरीतलं सामान झाला. घरात पाट-तांब्या असतो तसं.

मराठीत 1963 साली तीन पुस्तकं आली. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', जयवंत दळवींची 'चक्र' आणि बाबूराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. तिन्ही एकाच वर्षातली. दोस्तांनो, ही तीन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मराठी साहित्यात कुणाच्या नावावर काय चढवलं होतं, त्याचा सातबारा या तीन पुस्तकांत बघायला मिळतो.

'कोसला' मला आवडते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्यातले काहीजण नुसतं नाव ऐकलं की तोंड वाकडं करतात. पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा. मीही त्याच वयाच्या आसपासचा. खानदेशातल्या सांगवीतून तो पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, मेसच्या हिशेबात गोत्यात येतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावाकडं परत जातो. घडतं एवढंच. पण सांगायची तऱ्हा अशी की पुण्यातली सगळी भारदस्त माणसं आपोआप लहान होत जातात. मोठमोठ्या शब्दांना तो 'वगैरे' जोडतो आणि त्या शब्दांतली हवा जाते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते, ती पानं मी गिरणीच्या गाडीत वाचली. गेटवर उतरलो, सगळे पंच करायला पळाले, मी तसाच उभा राहिलो. एवढं ज्या पुस्तकात आहे त्याला मी पांढरपेशांचं पुस्तक म्हणून फेकून देणार नाही.

पण वाचताना माझ्या डोक्यात एक हिशेब चालू होता. पांडुरंगाच्या कंटाळ्याचे पैसे कोण भरतं? बाप भरतो. बापाकडं पैसे कुठून येतात? शेतातून. शेतात कोण राबतं? त्या राबणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, तिकडं ही कादंबरी वळत नाही. पांडुरंग नापास झाला तर त्याला परत जायला घर आहे, घरामागं जमीन आहे. बाप शिव्या देईल, पण ताटही वाढलं जाईल. कंटाळा करायचा म्हटलं तरी पाठीशी काहीतरी लागतं.

आता माझा कंटाळा सांगतो. रिंगफ्रेमच्या दोन रांगांमधून आठ तास चालायचं. धागा तुटला की सांधायचा. पुढं गेलो की मागं तुटतो. मागं आलो की पुढं तुटतो. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवलेली, कापूस उडून भुवयांवर बसलेला, आणि आवाज असा की शेजारच्याशी खुणेनं बोलावं लागतं. रात्री तीनला मला जो कंटाळा येतो तो पांडुरंगाच्या कंटाळ्यापेक्षा लहान नाही. पण मी दहा मिनिटं उभा राहून जगण्याचा विचार करायला लागलो, तर तेवढ्यात वीस धागे तुटलेले असतात आणि जॉबर येऊन माझी आई काढतो. पांडुरंगाच्या कंटाळ्याची कादंबरी होते. माझ्या कंटाळ्याचा मेमो होतो.

तरीही 'कोसला'नं मला एक हक्क दाखवला. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं आपल्याला काही कळत नाही, हे पुस्तकभर मोकळेपणानं सांगायचं, हा हक्क. हक्क चांगला आहे. फक्त तो गावठाणात वाटला गेला आणि वेशीपाशी थांबला.

त्याच वर्षीची 'चक्र'. दळवींनी मुंबईची झोपडपट्टी मराठी कादंबरीत आणली. तेव्हाच्या मराठी कादंबरीचं नाक किती नाजूक होतं हे ध्यानात घेतलं तर हे धाडसच म्हणायचं. पुढं 1969 साली मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' आली. तीही झोपडपट्टीचीच. दोघेही लेखक नजर चुकवत नाहीत. घाण, चिखल, पोलीस, उपास सगळं उघडं मांडतात. मी दोन्ही एका बैठकीला नाही, पण एका दमात वाचल्या.

पुस्तक मिटल्यावर डोळ्यांसमोर उरलं काय? भूक, दारू, अंगाची आग, मारामारी, मरण. यातलं खोटं काहीच नाही. आमच्या वस्तीतही हे सगळं आहे. पण एवढंच नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला. डिसेंबरात दादरला त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. ते कुठून आले होते? मलबार हिलवरून तर आले नव्हते. याच चाळींतून, याच झोपड्यांतून आले होते. त्यांच्या कुडाच्या भिंतीवर फोटो होता. जयंतीची वर्गणी होती. वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ होती. रात्रशाळेला जाणारा एखादा पोरगा होता. नवऱ्याशी, सासूशी भांडून देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून आलेली बाई होती.

त्या बाईचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले देव ती पदरात बांधून नदीवर नेते. वाटेत तिच्या मनात काय चाललं असेल? भीती वाटली असेल. एखादा देव मागं ठेवावा असंही वाटलं असेल. पोरगं आजारी पडलं तर काय, हा विचार आला असेल. पाण्यात हात सोडताना क्षणभर हात सुटला नसेल. यावर एक कादंबरी होते. पण ही बाई मला 'चक्र'मध्ये भेटली नाही, 'माहीमची खाडी'तही भेटली नाही. तिथल्या माणसांना लेखकांनी कळवळा भरपूर दिला. निर्णय घ्यायची, शंका घ्यायची, बदलायची जागा दिली नाही. झोपडीतला माणूस म्हणजे परिस्थिती ढकलेल तिकडं जाणारा, असं एकदा धरलं की त्याचं मन लिहायची गरजच उरत नाही.

पुढं 'चक्र'चा सिनेमा निघाला, 1981 साली. स्मिता पाटीलनं त्यात जीव ओतला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि जाहिरातीला काय वापरलं? उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बाईचं चित्र. त्या बाईला आडोसा नाही ही तिची अडचण होती. ती अडचणच तिकीटविक्रीला लावली. पुस्तकातल्या माणसाला नुसतं शरीरच दिलं, की पुढं बाजारात त्या शरीराचं असं होतं.

कुणी म्हणेल, पोट रिकामं असताना मन कुठून आणायचं? त्यांनी उद्धव शेळक्यांची 'धग' वाचावी. 1960 सालची आहे. वऱ्हाडातली कौतिक, शिंप्याच्या घरातली. नवरा महादेव धड काही करत नाही, पुढं त्याला महारोग होतो. संसार सगळा हिच्या अंगावर. घरात दाणा नाही, पण कौतिक नुसती उपाशी बाई नाही. ती बेत आखते, मोडला की दुसरा आखते. मानी आहे, चिडते, आशा धरते. तिची वऱ्हाडी बोली माझ्या कोल्हापुरी कानाला पहिल्यांदा अडली, दहा पानांनंतर अडायची थांबली. शेळके त्याच समाजातले, म्हणून जमलं असेल. पण जमतं, एवढं तर दिसलं. भूक आणि मन एका माणसात राहू शकतात. आपल्या सगळ्यांच्या आयांना विचारा.

गिरणीवरच्या कादंबऱ्या मी शोधून वाचतो, कारण धंदा तोच. मामा वरेरकरांनी स्वातंत्र्याच्या आधीच 'धावता धोटा' लिहिली, गिरणी कामगारांवर. नाव वाचूनच माझा हात थबकला. धोटा म्हटलं की मला आज्जाचं बोलणं आठवतं. आज्जा मुंबईच्या गिरणीत होता, जानेवारी 1982 च्या संपानंतर गावाला आला तो आलाच. त्याचा बापही गिरणीत होता. आज्जा सांगायचा, "माझ्या बाच्या वक्ताला आपल्या मान्साला साच्याजवळ फिरकू द्यायचं न्हाईत. धोट्याला त्वांड लावायला लागतंय न्हवं." धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून साचेखातं, जिथं पगार जास्त, ते आपल्याला बंद. आपण रिंगखात्यात, कमी पगारावर. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना नेमका हाच सवाल टाकला होता, की कामगार सगळे एक, तर मग विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद का? कामगारांवर लिहिणाऱ्या माणसानं हा धोटा चुकवून चालत नाही. कामगार हा एकच एक प्राणी आहे असं धरून लिहिलेली कुठलीही कादंबरी मला अर्धी वाटते. मी आजही रिंगखात्यात आहे. आता कुणी बंदी घातलेली नाही, पण पणजा तिथंच होता, आज्जा तिथंच होता, मीही तिथंच उभा आहे.

आता आपल्या घरची कादंबरी. अण्णाभाऊंची 'फकिरा', 1959 ची. वारणेच्या खोऱ्यातली. वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, म्हणून ती पानं वाचताना नदीसुद्धा ओळखीची वाटते. अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले असं सांगतात. वाटेगावातून चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिलं. लाल बावट्याचा हा शाहीर, पण 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. विद्यापीठातल्या लोकांना ती भडक वाटते, नाट्यमय वाटते. वाटू द्या. जोगणी आणताना राणोजी पडतो, पुढं त्याचा पोरगा फकिरा दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, इंग्रज सरकारशी झुंज घेतो. सरकारनं ज्या जमातीला जन्मानंच चोर ठरवलं होतं, तिच्यातल्या माणसाला अण्णाभाऊंनी ताठ मान दिली. आमच्या वस्तीत ही कादंबरी मोठ्यानं वाचली आहे. वाचता न येणारी म्हातारी माणसं पुढं सरकून बसायची. हे काम 'कोसला'च्यानं होणार नाही.

पण एक बोलतो, राग मानू नका. फकिराला साप्ताहिक सुट्टी नाही. तो नेहमी लढायला उभा. त्याला उगीच कट्ट्यावर बसलेला मी पाहिला नाही. दळवींच्या झोपडीतला माणूस परिस्थितीच्या हातात, आणि आपला फकिरा कर्तव्याच्या हातात. स्वतःच्या हातात कोण? ज्या दिवशी मला जॉबरला उलट बोलायची छाती होत नाही, त्या दिवशी मला फकिराकडं बघवत नाही. त्या दिवशी मला असं पुस्तक लागतं ज्यात माझ्यासारखाच घाबरलेला माणूस आहे, आणि तो घाबरला म्हणून लेखकानं त्याला पुस्तकाबाहेर काढलेलं नाही.

असा एक माणूस मला इंग्रजीत सापडला. मुल्कराज आनंदांची 'अनटचेबल', 1935 ची. डिक्शनरी जवळ घेऊन दोन महिने वाचत होतो. बाखा नावाचा सफाई काम करणारा पोरगा आणि त्याचा एक दिवस. सकाळी सुरू, संध्याकाळी संपला. त्याला गोऱ्या सोल्जरांसारखे कपडे घालावेसे वाटतात. हॉकी आवडते. शिकावंसं वाटतं. रस्त्यात एकाला चुकून त्याचा स्पर्श होतो, बाजार गोळा होतो, थप्पड बसते. आणि मग कितीतरी वेळ बाखाच्या मनात जे घुमत राहतं, राग, लाज, पुन्हा राग, ते आनंदांनी थांबून लिहिलंय. ते स्वतः अस्पृश्य नव्हते. तरी दिलं त्यांनी मन. म्हणजे आपल्याशिवाय कुणाला लिहिताच येणार नाही, असं मी म्हणणार नाही. थांबावं लागतं, ऐकावं लागतं, एवढंच.

पण शेवटाला येऊन बघा. बाखाला वाटा दाखवायला कोण येतं? एक मिशनरी येतो, गांधींचं भाषण होतं आणि एक कवी सांगतो की फ्लशचा संडास आला की तुझं काम सुटेल. महाडचा सत्याग्रह 1927 चा. पुणे करार 1932 चा. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. आणि बाखाच्या कानावर मात्र बाबासाहेबांचं नाव पडत नाही. वाटा दाखवणाऱ्यांत त्याच्यातला एकही नाही. आणि फ्लशचं काय झालं? फ्लश आला. 1993 साली कायदा झाला, 2013 साली पुन्हा कायदा झाला. अजून माणसं गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. यंत्र बदललं. उतरणारा कुणाच्या घरचा, ते बदललं नाही.

म्हणून मी 1963 च्या तिसऱ्या पुस्तकाकडं पुन्हा पुन्हा येतो. बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परमुलखात जातो, जात लपवून खोली घेतो, जात कळते आणि मार खातो. यात मार आहे, पण त्याआधी पहिल्या नोकरीचा आनंद आहे, ऐट आहे, धास्ती आहे, खोटं बोलताना होणारी घालमेल आहे. जात लपवणारा माणूस सतत दोन मनांनी जगतो. पांडुरंगापेक्षा त्याच्या डोक्यात जास्त गर्दी. बागुलांनी हे 1963 सालीच करून दाखवलं होतं. कथेत केलं. मी म्हणतो, ती गर्दी कादंबरीएवढी आहे.

मग आपल्याकडून कादंबरी कमी का आली? कविता आल्या, ढीगभर. आत्मकथनं आली. 'बलुतं' 1978, 'उपरा' 1980, 'अक्करमाशी' 1984, बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' 1986, ऊर्मिलाताई पवारांचं 'आयदान' 2003. यांनी महाराष्ट्राची झोप उडवली. कादंबऱ्या लिहिल्याच नाहीत असं नाही. शंकरराव खरातांनी लिहिल्या, नामदेव ढसाळांनी 'हाडकी हाडवळा' लिहिली, शरणकुमार लिंबाळेंच्या 'सनातन'ला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. पण 'दलित साहित्य' म्हटलं की लोक आत्मकथनाचीच नावं घेतात.

वेळ नसतो हे एक कारण. कविता मी साच्याजवळ उभ्या उभ्या डोक्यात करतो आणि जेवणाच्या सुट्टीत बिडीच्या कागदावर उतरवतो. कादंबरीला महिने लागतात, एक खोली लागते, दार लागतं.

पण मला दुसरं कारण जास्त टोचतं. आपल्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंय. साक्षीदारानं काय करायचं? झालं ते सांगायचं. कुठं मारलं, किती मारलं, पाणी कुणी दिलं नाही. ऐकणारे हळहळतात, बक्षीस देतात. पण साक्षीदाराला कल्पना करायची मुभा नसते. त्यानं एक शब्द पदरचा घातला तर सगळी साक्ष खोटी ठरते. कादंबरीवाला मात्र बिनधास्त पदरचं घालतो. जी बाई जगात नव्हती ती उभी करतो, तिला घर देतो, तिचं लग्न मोडतो. आपण असं केलं की लगेच विचारतात, "हे खरंच घडलं का हो?" पांडुरंगाबद्दल हा प्रश्न कुणी पुराव्यासाठी विचारत नाही. कल्पना करायचा हक्क हासुद्धा हक्कच आहे. पाणवठ्याचा होता तसा. तो मागून मिळत नाही, जाऊन ओंजळ भरावी लागते.

आमच्या विहारातल्या वाचनालयाला यंदा जयंतीच्या वर्गणीतून पाच हजार रुपये उरले. पुस्तकं घ्यायची ठरलं. मी कादंबऱ्यांची यादी दिली. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, चळवळीत केस पांढरे झालेले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, "बाबासाहेबांचं खंड तसंच पडल्यात धूळ खात, आन् तुमी कादंबऱ्या कसल्या चघळतायसा?" दादांचा मान ठेवून मी बोललो. खंड वाचायलाच पाहिजेत. सरकारनं 1979 पासून ते छापले, आपल्या किती घरांत ते उघडले जातात हा सवाल बरोबर आहे. पण दादा, आमच्या पोरांना फेसबुकवर घोषणा टाकता येते आणि मनातलं दोन वाक्यांत सांगता येत नाही. गेल्या वर्षी वस्तीतल्या एका पोरानं औषध घेतलं. वाचला. का घेतलं विचारलं तर म्हणाला, "काय सांगू, कायच न्हाई." त्या 'कायच न्हाई'च्या आत काय होतं? ते खंडात सापडणार नाही. खंड आपल्याला सांगतात की आपल्याला असं कुणी आणि का करून ठेवलं. असं झाल्यावर एकट्या माणसाच्या आत, रात्री दोन वाजता काय चालतं, ते कादंबरीनं सांगायचं असतं. आपल्या कादंबरीनं नाही सांगितलं तर पोरं दुसऱ्याचं मन उसनं घेतील, नाहीतर मनाशिवायच राहतील.

दादा गप्प राहिले. मग म्हणाले, "निम्मं निम्मं करा." तसं ठरलं. अडीच हजारांत माझ्या यादीतल्या 'फकिरा', 'धग', 'कोसला', बागुलांचं पुस्तक आणि 'सनातन' आल्या. 'चक्र'ही घेतली. आपल्याला कुणी कसं पाहिलं हे पोरांनी वाचलंच पाहिजे, आणि वाचून वाद घातला पाहिजे. कादंबरी वाचणं म्हणजे तिला शरण जाणं नव्हे. समासात पेन्सिलीनं भांडा. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये म्हणतात. आमच्यात मी परवानगी काढून ठेवली आहे.

आता लिहिणाऱ्या मित्रांना एक सांगणं. अन्याय लिहा, मोर्चा लिहा, ते थांबवू नका. पण त्याच्या शेजारी दुसरंही लिहा. ज्याला मोर्च्याच्या दिवशी यायचा कंटाळा आला त्या कार्यकर्त्याचं लिहा. बायकोला 'रमाईसारखी रहा' सांगून स्वतः पत्ते कुटणाऱ्याचं लिहा. जयंतीच्या रात्री डीजेपासून लांब जाऊन एकटीच बसलेल्या पोरीचं लिहा. शत्रूच्या हातात कोलीत देऊ नका, असं कुणीतरी म्हणेल. शत्रूला कोलीत कधीच कमी पडलेलं नाही. आपली माणसं पुरी माणसं आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे. पुरा माणूस म्हणजे नुसता सोसणारा नाही आणि नुसता लढणाराही नाही.

माझ्या डोक्यात एकजण आहे. रिंगखात्यातला डॉफर, बावीस वर्षांचा. भरलेली बॉबिनं काढायची, रिकामी लावायची, हे त्याचं काम. रातपाळी सुटते. सकाळी सातला तो एसटीत बसतो. केसांत कापूस. दहा वाजता वस्तीत निवेदनाच्या सह्या गोळा करायच्या आहेत, त्याला माहीत आहे. आई भाकरी करून वाट बघतेय, तेही माहीत आहे. त्याचा स्टॉप येतो. तो उठत नाही. कंडक्टर विचारतो, उतरायचं नाही का? तो म्हणतो, पुढचं तिकीट द्या. पुढं त्याचं कुणी नाही, काही काम नाही. खिडकीतून ऊस दिसतोय, तो बघत बसलाय.

एवढंच लिहून झालंय. गाडीतल्या एका मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं, पुढं काय करतो? युनियनमध्ये जातो का?" म्हटलं, जाईल कदाचित. आत्ता त्याला बघू दे ऊस.